संधिवाताचे नवे औषध आणि कोलेस्टेरॉल (बीदर-कलबुर्गी सीमाभाग)

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे दाहक संधिवात. त्यावरचे नवे औषध सुरू करताना रक्तातील कोलेस्टेरॉलबाबत घ्यायची दक्षता हा या नोंदीचा विषय आहे. टोफासिटिनिब, बारिसिटिनिब, उपाडासिटिनिब या ‘जॅक’ गटातील गोळ्या आणि टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन यांच्याबाबत हा प्रश्न मुख्यतः येतो. झिजेमुळे होणाऱ्या गुडघेदुखीवर ही औषधे देत नाहीत.

दाह भडकलेला असताना शरीर कोलेस्टेरॉल लवकर निकालात काढते. त्यामुळे बोटे सुजलेल्या, सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी) चढलेल्या रुग्णाचा एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल पुष्कळदा कमीच दिसतो. हृदयविकाराचा धोका मात्र त्याच वेळी इतरांहून जास्त असतो. औषधाने दाह उतरला की आकडा वर सरकतो. टोफासिटिनिबने एलडीएल साधारण 10 ते 20 टक्के वाढतो. आधी 110 असलेला एलडीएल दोन महिन्यांनी 128 आला, तर तो याच हिशेबातला. एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉलही सोबत वाढते, आणि पुढे दोन्ही बहुधा स्थिरावतात.

ही वाढ घातक आहे का? 3,080 रुग्णांच्या एका चाचणीत टोसिलिझुमॅबने एलडीएल वाढला, तरी इटानर्सेप्ट या संधिवातावरच्या दुसऱ्या औषधाच्या तुलनेत हृदयविकाराचे झटके व पक्षाघात लक्षणीय वाढले नाहीत. टोफासिटिनिबचा निकाल वेगळा आला. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा किमान एक जोखीमघटक असलेल्या 4,362 रुग्णांच्या चाचणीत (प्रसिद्धी 2022) अशा गंभीर घटनांचे प्रमाण टोफासिटिनिब घेणाऱ्यांत 3.4 टक्के, तर टीएनएफ-रोधक (इटानर्सेप्टच्या गटातले औषध) घेणाऱ्यांत 2.5 टक्के होते. म्हणून गोळी लिहिण्याआधी वय, बिडी-तंबाखू, रक्तदाब आणि साखर विचारली जाते. कोलेस्टेरॉलचा आकडा या हिशेबातला एक भाग आहे.

लिपिड प्रोफाइल म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी औषधाआधी एकदा करतात. टोफासिटिनिब व टोसिलिझुमॅब असल्यास ते पुन्हा 4 ते 8 आठवड्यांनी, बारिसिटिनिब व उपाडासिटिनिब असल्यास सुमारे 12 आठवड्यांनी होते. मेथोट्रेक्सेट (संधिवाताचे जुने औषध), जॅक गोळ्या आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध) या तिन्हींसाठी यकृतावर लक्ष ठेवावे लागते, म्हणून एसजीपीटी ही यकृताची चाचणी त्याच रक्तात तपासून घेणे सोयीचे. धोका जास्त निघाला तर अ‍ॅटोर्वास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन जोडतात. अहवाल पाहून घाबरून संधिवाताची गोळी परस्पर बंद केली, तर दाह परततो आणि त्यासोबत हृदयावरचा भारही.

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या भागांतले मराठी भाषक उपचारांसाठी बीदर-कलबुर्गीइतकेच लातूर, सोलापूर, हैदराबादही गाठतात. औषध एका शहरात लिहिले जाते, रक्त तालुक्याच्या लॅबमध्ये तपासले जाते, रक्तदाबाची गोळी तिसरीकडून चालू असते. जुना अहवाल सोबत नसेल, तर 128 हा आकडा मूळचा की औषधानंतरचा, हे डॉक्टरला कळत नाही. हृदयाच्या तपासणीसाठी कलबुर्गीत जयदेव संस्थेचे 371 खाटांचे रुग्णालय डिसेंबर 2024 मध्ये सुरू झाले.

आहारात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, जवसाची चटणी, करडईचे तेल हे इथले जुने जेवण कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने चांगलेच आहे. पथ्य करायचे ते वनस्पती तुपाचे आणि पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातल्या मिरची-भज्यांचे.

सांधेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने दोन दिवसांत आराम पडतो, पण साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वाढते. मग दोष नव्या गोळीवर येतो. अशी पुडी महिनोन्महिने घेतली असेल, तर ती एकदम न थांबवता डॉक्टरांना दाखवावी लागते.

दाहक संधिवात पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो. मूल हवे असलेल्या स्त्रीला मेथोट्रेक्सेट चालत नाही, जॅक गोळ्या टाळतात आणि स्टॅटिनही सहसा थांबवतात. म्हणून दिवस राहण्याचा विचार असल्यास ते औषध सुरू होण्याआधीच सांगावे लागते.