डबीचा खेळ आणि खुणेचा दगड

पुरलेल्या धनाच्या गोष्टी कोंकणांत घरोघर ऐकावयास मिळतात. माडाच्या बुंध्याशीं पुरलेला हंडा, त्यावर बसलेला नाग आणि स्वप्नांत येऊन जागा सांगणारा कोणी पूर्वज, हें त्यांतील साहित्य ठरलेलें असतें. सरकारनेंहि या आवडीची दखल घेतली. १८७८ च्या कायद्यानें, जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक किंमतीची वस्तु सांपडल्यास ती कलेक्टरास कळविणें भाग झालें. कथेंत काय आणि कायद्यांत काय, मोल आहे तें वस्तूला. जागा केवळ निमित्तमात्र.

जगभर पसरलेल्या एका नव्या खेळांत हा क्रम उलटला आहे. ‘जिओकॅशिंग’ हें त्याचें नांव. एकजण रानांत किंवा उद्यानांतील पायवाटेजवळ एक डबी दडवितो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करितो. दुसरा यंत्राच्या साह्यानें ती हुडकून काढतो, आंतील वहींत आपलें नांव लिहितो आणि डबी होती तेथेंच ठेवितो. डबींत मोलाचें असें कांहीं नसतें. मग शोधावयाचें तें काय?

उत्तर खेळाच्या इतिहासांत आहे. इंग्लंडांतील डार्टमूर या ओसाड पठारावर जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें १८५४ मध्यें क्रॅनमियर पूल या दुर्गम ठिकाणीं एक बाटली ठेविली. तेथवर पोंचणाऱ्यानें तींत आपल्या नांवाचें कार्ड टाकावें, एवढाच तिचा उपयोग. दलदल तुडवून आल्याची ती साक्ष होती. पुढें उपग्रह आले. अमेरिकेच्या उपग्रहांचे संकेत सामान्य लोकांना मुद्दाम बिघडवून दिले जात. त्यामुळें सुमारें शंभर मीटरांची चूक राही. २ मे २००० रोजीं ही अडवणूक उठली, आणि दुसऱ्याच दिवशीं ऑरेगन राज्यांत डेव्ह अल्मर या गृहस्थानें रानांत एक बादली ठेवून तिचें स्थान जाहीर केलें. त्याच महिन्यांत खेळाचें नामकरणहि झालें. डबीसाठीं जमीन खणण्यास पुढें खेळाच्या नियमांनींच मनाई केली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

परंतु आंकड्यांनीं जागा सांगावी आणि मागाहून येणाऱ्यानें ती हुडकावी, हा व्यवहार आपल्या देशांत त्याहून जुना आहे. आपल्या ज्योतिषांनीं रेखांश उज्जयिनीपासून मोजले. पण त्यांची दृष्टि आकाशाकडे होती. असलें गणित जमिनीवर, दगडांत उतरलें तें लॅम्बटनच्या हातून. १८०२ मध्यें त्यानें मद्रासेजवळ पायारेषा मोजली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडीत भारताची महामोजणी सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अशी एक त्रिकोणमाला दक्षिण कोंकणच्या किनाऱ्यानेंहि गुंफली गेली. ठाण्यावरील खडकांत किंवा शिळेवर एक वर्तुळ व मध्यभागीं ठिपका कोरीत, वर चौथरा बांधीत आणि त्याची राखण स्थानिक अधिकाऱ्यांवर सोंपवीत. खूण दगडांत, तिचा पत्ता वहींत. लॅम्बटनचें कोन मोजण्याचें मोठें यंत्र सुमारें अर्ध्या टनाचें होतें. साहेबांचीं नांवें त्या वह्यांत राहिलीं. असलीं ओझीं डोंगरमाथ्यांवर चढविणाऱ्या खलाशांचीं नांवें लिहिण्याचें बहुधा कोणास सुचलें नाहीं.

मुरुडकरांना हा विषय परका वाटूं नये. दापोली तालुक्यांतील हें समुद्रकांठचें गांव सुमारें पावणेअठरा अक्षांशावर आहे. पण एवढ्यानें मुरुड कळत नाहीं. जांभ्याच्या पायऱ्यांच्या पाखाड्या, दोहों बाजूंचे गडगे, दुर्गादेवीचें देऊळ, आणि शेजारच्या आसूद गांवीं पोफळींच्या बागांतून, ओढा ओलांडून केशवराजाकडे चढणारी वाट, हें सारें पायांनींच वाचावें लागतें. याच मुरुडांत वाढलेले धोंडो केशव कर्वे १८७५ मध्यें एका सरकारी परीक्षेसाठीं पावसाळ्यांत सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्यास गेले. शंभराहून अधिक मैल चालून पोंचल्यावर, वय लहान दिसतें म्हणून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. ही हकीकत उरली ती त्यांच्या १९१५ सालच्या ‘आत्मवृत्ता’मुळें. त्या वाटेवरील डबींतली वहीच ती! हकीकत वाचणारे पुष्कळ झाले. त्या वाटेनें चालणारा मात्र विरळा.

आणि पायवाटेचें आयुष्य चालणाऱ्यांवरच अवलंबून असतें. दोन पावसाळे कोणी फिरकलें नाहीं कीं करवंदीच्या जाळ्या तिला गिळून टाकतात. तिच्याबरोबर सीमेचे धोंडे, पाणवठे आणि विसाव्याचे पारहि विस्मृतींत जातात. मोटाररस्त्याची निंदा करण्याचें कारण नाहीं; आजारी माणसाला दवाखान्यांत तोच पोंचवितो. पण त्याला विसाव्याच्या पाराची गरज नसते, म्हणून तो त्याची आठवणहि ठेवीत नाहीं. अशा ठिकाणीं हा खेळ उपयोगी पडेल. देवराई, देऊळ आणि किल्ल्याचा तट यांना हात न लावतां, जमीनमालकाच्या संमतीनें, जुन्या वाटेच्या कडेला डबी ठेवावी. आंतील वहीच्या पहिल्या पानावर त्या वाटेचें नांव, ती कोठून कोठें जाई आणि तिच्यावरून कोण जात, हें लिहावें. गर्दी होईल, कचरा होईल, ही भीति खरी आहे. म्हणून ही राखण गांवच्या शाळेकडे असावी.

मात्र तें पहिलें पान भरण्याचें काम आधीं झालें पाहिजे, आणि तें गांवांतील वृद्धांजवळ बसूनच होईल. अक्षांश-रेखांश पुन्हां मोजतां येतील. वाटेचें नांव ठाऊक असलेलें शेवटचें माणूस गेल्यावर तें नांव सांगणारा उपग्रह नाहीं.