बावीस बोअरची रायफल

बुडाच्या पोकळ काठात स्फोटक भरलेल्या काडतुसाचा उगम १८४५ साली पॅरिसच्या फ्लोबेर ह्या बंदूककाराकडे जातो. १८५७ साली अमेरिकेत स्मिथ आणि वेसन ह्यांनी त्यात दारू घातली. १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीचे ‘.२२ लाँग रायफल’ आले व तेच आजवर टिकले. काठ पातळ, म्हणून दाब कमी आणि काडतूस स्वस्त. खार-सशापुरते अमेरिकन शेतकऱ्यास ते पुरे होई.

परंतु रायफलीआधी काडतूस पारखावे, असे आमचे मत आहे. एकच नळी एका बनावटीच्या गोळ्या जवळजवळ पाडते, दुसरीच्या विखुरते. ५० यार्डांवर टेकू देऊन पाच गोळ्या झाडायच्या, आणि त्यांचा मध्य पाहून मागची खाच, गोळी जिकडे न्यायची तिकडेच, सरकवायची. तरीही १०० यार्डांवर गोळी सुमारे अर्धा फूट खाली उतरते. हे विसरणाऱ्याच्या हातून ससा मरत नसे. जखमी होऊन झुडपात तडफडत असे.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याची १९९१ ची दुरुस्ती ह्यांनी आपल्याकडील हौशी शिकार संपविली. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकास दोनच हत्यारे ठेवता येतात. तेव्हा ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी आजोबांची रायफल अद्याप भिंतीवर आहे, त्यांनी परवाना कोणाच्या नावे आहे, हे एकवार अवश्य पाहून घ्यावे.