अनुभव आणि अभ्यास : व्यसनमुक्ती समुपदेशकाच्या शिक्षणाची कहाणी

'ज्याचे जळते त्यालाच कळते' ही म्हण आपल्या घरोघरी ऐकू येते आणि दारूच्या बाबतीत तर ती वेदवाक्याप्रमाणे मानली जाते. जो स्वतः त्या गर्तेतून वर आला, त्यालाच गर्तेत पडलेल्याची भाषा समजते, असे आपण म्हणतो. त्यात तथ्य निश्चित आहे. परंतु तेवढेच पुरेसे आहे काय? स्वतःचे व्यसन सुटले म्हणजे दुसऱ्याचे सोडविण्याची विद्या आपोआप हाती येते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात अमेरिकेने जवळजवळ दीड शतक घालविले. आज त्या देशातील अनेक राज्यांत मद्य व अंमली पदार्थांच्या रुग्णांना सल्ला देणाऱ्या समुपदेशकाला शासनाचा परवाना घ्यावा लागतो. आणि परवाना मिळाला तरी त्याची शाळा सुटत नाही. मिनेसोटा राज्यात दर दोन वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण करताना त्याने ४० तासांचे नवे शिक्षण घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो. अनुभवी माणसालाही पुन्हा पुन्हा विद्यार्थी का व्हावे लागते, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८४० साली बाल्टिमोर शहरातील एका गुत्त्यात सहा मद्यपी मित्रांनी दारू सोडण्याची प्रतिज्ञा केली आणि 'वॉशिंग्टोनियन' नावाची चळवळ जन्माला आली. सभेत उभे राहून आपली कर्मकहाणी सांगावी, ऐकणाऱ्या मद्यप्याने तेथेच प्रतिज्ञापत्रावर सही करावी, अशी तिची रीत होती. लोक हजारोंनी लोटले. १८४२ साली इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे तरुण अब्राहम लिंकन यांनी या मंडळींसमोर भाषण केले. परंतु दहा वर्षांच्या आतच ही लाट ओसरली. सही करून घरी गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या महिन्यात कसे सांभाळावे, याची बांधीव पद्धत त्यांच्यापाशी नव्हती. अनुभव होता, कळकळ होती. शिक्षण मात्र नव्हते.

१९०६ साली बॉस्टन येथील इमॅन्युएल या एपिस्कोपल चर्चमध्ये रेव्हरंड एलवूड वूस्टर यांनी डॉक्टरांच्या साहाय्याने मनोरुग्णांसाठी उपचारवर्ग उघडले. तेथे १९११ साली कोर्टने बेलर नावाचा एक मद्यपी उपचारासाठी आला, बरा झाला आणि पुढे त्याच संस्थेत पगारी मदतनीस म्हणून रुजू झाला. व्यसनातून सुटलेल्या माणसाने रीतसर वेतन घेऊन इतर व्यसनी माणसांवर उपचार करावेत, याचे हे पहिल्या काही उदाहरणांपैकी एक होय. वैद्यकाची पदवी बेलरपाशी नव्हती. अनुभवाला अभ्यासाची जोड देण्याचा प्रयत्न मात्र येथे दिसू लागला. १९१९ साली त्याने आपल्या पद्धतीवर एक पुस्तकही लिहिले.

यानंतरचा अध्याय आपल्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल. १९३५ साली ओहायो राज्यातील अॅक्रन शहरात एक शेअरदलाल व एक शल्यविशारद, दोघेही मद्यपी, एकमेकांना भेटले आणि 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही संघटना उदयास आली. त्या काळी मद्यप्याला रुग्णालयात खाट मिळणे दुरापास्त होते. अॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रुग्णांच्या नोंदणीचे काम सिस्टर इग्नेशिया पाहत असत. संत ऑगस्टीनच्या सेवाभगिनी संघातील ही आयरिश वंशाची धर्मभगिनी पूर्वी संगीतशिक्षिका होती आणि प्रकृती ढासळल्यामुळे या कामावर आली होती. १९३९ सालच्या ऑगस्टमध्ये डॉक्टर रॉबर्ट स्मिथ यांच्या विनंतीवरून तिने एका मद्यप्याला 'जठरदाह' असे निदान लिहून दाखल करून घेतले. त्याला प्रथम ठेवले ते फुले सजविण्याच्या छोट्या खोलीत!

सिस्टरने आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. तरीही तिने एक सुस्पष्ट क्रम बसविला. सुमारे पाच दिवसांचा मुक्काम, शरीरावर औषधोपचार, आणि रोज रुग्णाच्या उशाशी येऊन बसणारे व्यसनमुक्त बंधू. निरोप घेताना ती प्रत्येकाला येशूच्या पवित्र हृदयाचे एक छोटे पदक देई आणि बजावीत असे की, पुन्हा प्याला उचलण्यापूर्वी हे मला परत आणून द्या. १९५२ साली तिची बदली क्लीव्हलंडला झाली, तोवर हजारो रुग्ण तिच्या हाताखालून गेले होते. जिचे जळले नव्हते तिलाही कळले होते. कारण ती पाहत होती, ऐकत होती, रुग्णांकडूनच शिकत होती.

याच सुमारास विद्यापीठेही जागी झाली. १९४३ च्या उन्हाळ्यात येल विद्यापीठाने ई. एम. जेलिनेक यांच्या नेतृत्वाखाली मद्यविषयक अभ्यासाची पहिली उन्हाळी शाळा भरविली. शिक्षक, समाजसेवक, धर्मोपदेशक एका वर्गात बसून यकृत, मेंदू, कायदा आणि कुटुंब यांवरील व्याख्याने ऐकू लागले. ही शाळा १९६२ साली रटगर्स विद्यापीठात गेली. आपल्या कॅथॉलिक धर्मगुरूंनीही यात मागे राहणे पसंत केले नाही. स्वतः मद्यासक्तीतून सावरलेले फादर राल्फ फाउ यांनी १९४९ साली मद्यासक्तीविषयी धर्मगुरूंची राष्ट्रीय परिषद सुरू केली. पुरोहितच आजारी पडला तर त्याच्यावर पांघरूण न घालता उपचार करावेत, हा विचार त्या काळी धीटपणाचाच म्हटला पाहिजे.

खरी कलाटणी मिळाली ती मिनेसोटात. १९५० च्या दशकात विल्मर येथील सरकारी मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. नेल्सन ब्रॅडली आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल अँडरसन यांनी व्यसनमुक्त माणसांना रुग्णालयाच्या नोकरीत घेण्याचे ठरविले. त्यासाठी सरकारी सेवेत 'मद्यासक्ती समुपदेशक' हे नवे पद १९५४ साली निर्माण झाले. अटी दोनच : शालान्त शिक्षण आणि दोन वर्षांची दारूमुक्ती. कालपर्यंत जो रुग्ण होता तो आज डॉक्टरांच्या बैठकीत बसणार, ही कल्पना अनेकांना रुचली नाही. परंतु डॉक्टर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ, धर्मगुरू आणि समुपदेशक यांनी एकत्र बसून एका रुग्णाचा विचार करावा, ही पद्धत टिकली. १९६१ साली अँडरसन यांनी हेझल्डन या संस्थेची सूत्रे हाती घेतली आणि तेथून ती 'मिनेसोटा पद्धती' या नावाने जगभर पसरली.

१९७० च्या अखेरीस अमेरिकन संसदेने मद्यासक्तीवरील उपचारांसाठी व्यापक कायदा केला. त्याचे प्रवर्तक सिनेटर हॅरॉल्ड ह्यूज हे स्वतः व्यसनातून सावरलेले गृहस्थ होते. सरकारी पैसा आला, उपचारकेंद्रे वाढली आणि समुपदेशकांची मागणीही वाढली. पैशाबरोबर प्रश्नही आला : हे समुपदेशक कोण? त्यांना काय येते? चुकले तर जाब कोणी विचारायचा? समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना १९७४ साली स्थापन झाली. पुढे परीक्षा व प्रमाणपत्रे आली, आणि अखेर एकेका राज्याचा परवाना आला. त्या परवान्याच्या पाठोपाठ निरंतर शिक्षणाची अट आली.

ही अट कशासाठी? आम्हांस तिच्यामागे तीन कारणे दिसतात.

पहिले कारण असे की, विषच बदलत गेले. १९५४ च्या समुपदेशकाला दारू ओळखता आली की भागत असे. त्यानंतर हेरॉइन आले, कोकेन आले, वेदनाशामक गोळ्या आल्या आणि आता हेरॉइनच्या सुमारे पन्नासपट तीव्र असे फेंटानिल आले आहे. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत अंमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसे दगावली. अशा रुग्णाचा श्वास परत आणणारे नॅलॉक्सोन हे औषध २०२३ पासून तेथे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास परवानगी मिळाली. ते कसे वापरावे हे ज्या समुपदेशकाला ठाऊक नाही, त्याचा तीस वर्षांचा अनुभव त्या क्षणी काय कामाचा?

दुसरे कारण अधिक अंतर्मुख करणारे आहे. शिकवणच बदलली. १९५८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या 'सिनॅनॉन' या वसाहतीत व्यसनी माणसाला सर्वांसमक्ष फैलावर घेण्याची, त्याचा अहंकार ठेचून काढण्याची प्रथा होती. ही कठोर रीत पुढे अनेक उपचारकेंद्रांत शिरली. 'तोंडावर सुनावल्याशिवाय दारुडा ऐकत नाही' असा समज दृढ झाला. तो आपल्याकडेही अपरिचित नाही. १९८३ साली विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने याच्या उलट वाट सुचविली : रुग्णाशी वाद घालू नका, बदलण्याची इच्छा त्याच्याच तोंडून उमलू द्या. १९९३ साली मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, समुपदेशक जितका अधिक आक्रमक, तितके त्याच्या रुग्णाचे पिणे वर्षानंतर अधिक. ज्यांनी वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे खडसावण्याचे काम केले त्यांना हे ऐकणे किती जड गेले असेल! नवे शिकणे त्या मानाने सोपे असते. शिकलेले विसरणे हीच खरी तपश्चर्या. निरंतर शिक्षणाचा वर्ग हे ती करण्याचे ठिकाण होय.

तिसरे कारण नीतीचे. समुपदेशकासमोर माणूस आपले अंतःकरण उघडे करतो. पापस्वीकाराच्या मुद्रेचे पावित्र्य जाणणाऱ्या आपल्या समाजाला गुप्ततेचे मोल वेगळे सांगावयास नको. अमेरिकेत व्यसनी रुग्णाच्या नोंदी गुप्त ठेवण्याचे विशेष नियम १९७५ पासून अंमलात आहेत आणि २०२४ साली त्यांत मोठे फेरबदल झाले. काय सांगावे, कोणाला सांगावे, केव्हा मौन पाळावे, हे कायद्यानुसार बदलते. म्हणूनच मिनेसोटातील त्या ४० तासांत व्यावसायिक नीतीच्या शिक्षणाला स्वतंत्र स्थान दिलेले आहे.

या शिक्षणाचा चेहरा कसा असावा, हे पाहावयाचे तर फादर जोसेफ मार्टिन यांचे स्मरण करावे. बाल्टिमोरचे हे धर्मगुरू स्वतः मद्यासक्त होते. १९५८ साली मिशिगन राज्यातील 'गेस्ट हाउस' या धर्मगुरूंच्या उपचारगृहात ते बरे झाले. तेथे जे ऐकले त्याचा त्यांनी अभ्यास केला आणि हाती खडू घेऊन फळ्यापुढे उभे राहून ते इतरांना शिकवू लागले. अमेरिकन नौदलाने १९७२ साली त्यांच्या व्याख्यानाचा चित्रपट केला आणि समुपदेशकांच्या कित्येक पिढ्या तो पाहून घडल्या. २००९ साली ते निवर्तले. त्यांच्या ठायी अनुभव व अभ्यास हातात हात घालून चालत होते.

तथापि या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पदव्यांची अट वाढली तसे व्यसनातून उठलेले, पण कॉलेजात न गेलेले कित्येक जुने सेवक मागे पडण्याचे भय निर्माण झाले. रुग्णाला ज्याच्या डोळ्यांत स्वतःचे भविष्य दिसते, असा माणूस केंद्रातून नाहीसा होणे ही लहानसहान हानी नव्हे. शिवाय तास मोजले की ते केवळ भरण्याची वृत्तीही बळावते. प्रमाणपत्रांची चळत वाढते, मन होते तेथेच राहते. ४० तास हजर राहणे निराळे आणि ४० तास शिकणे निराळे.

आता आपल्या अंगणाकडे वळू. चेन्नईत १९८० साली शांती रंगनाथन यांनी टी. टी. रंगनाथन यांच्या नावाने उपचारसंस्था स्थापिली व समुपदेशकांच्या प्रशिक्षणालाही वाहून घेतले. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून फादर ज्यो परेरा यांनी 'कृपा' चे कार्य आरंभिले. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने 'मुक्तांगण' उभे राहिले. येथेही व्यसनातून सावरलेली माणसे आज इतरांना हात देत आहेत. परंतु अमेरिकेतील राज्यांप्रमाणे व्यसनमुक्ती समुपदेशकाने परवाना घ्यावा आणि ठरावीक मुदतीने शिक्षणाचा हिशेब द्यावा, ही रीत आपल्याकडे रुजलेली नाही. चांगल्या संस्था स्वतःच्या विवेकाने आपल्या माणसांना शिकवितात. जेथे तो विवेक नाही, तेथे विचारणारे कोणी नसते.

म्हणून विचारण्याचे काम कुटुंबांवर येते. धर्मग्रामातील एखादे घर आपल्या पुत्राला, पतीला किंवा हल्ली कन्येलाही केंद्रात सोडते, तेव्हा ते फी किती आणि खाटा किती याची चौकशी करते. त्याच वेळी आणखी एक प्रश्न नम्रपणे विचारावा : आमच्या माणसासमोर जो बसणार आहे, त्याने अलीकडे काय शिकले? धर्मग्रामाच्या सभागृहात व्यसनमुक्त बंधूंच्या बैठकांना आपण आनंदाने जागा देतो. त्याच सभागृहात वर्षातून दोन दिवस या सेवकांसाठी अभ्यासवर्ग भरविणे अशक्य आहे काय? डॉक्टर आपल्यात आहेत, वकील आहेत, शिक्षक तर विपुल आहेत.

अनुभव ही कृपा आहे. ती ज्याला लाभली त्याने तिची मशागत करावी आणि समाजाने त्याला त्यासाठी वेळ, पैसा व मान द्यावा. बरे होऊ पाहणाऱ्या जिवाचे हे देणे आहे आणि ते फेडण्याची जबाबदारी एकट्या समुपदेशकाची नाही.