मोडीत गेलेलं घंगाळ

पंचवीस वर्षांपूर्वी आपण या इमारतीत राहायला आलो, तेव्हा बहुतेकांनी जुनं सामान मागेच सोडलं. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात आजीचं पितळी घंगाळ होतं. दोन कड्यांचं, चांगलं जड. नव्या ब्लॉकमध्ये गीझर आला, मग घंगाळ ठेवायचं कुठे? मी ते मोडीच्या भावाने विकून टाकलं.

पुढे आत्या घर बघायला आली. बाथरूममध्ये डोकावून म्हणाली, "घंगाळ कुठंय रे?" मी सांगितलं. ती जरा वेळ गप्पच बसली. मग तिने जे सांगितलं, ते मला तोवर ठाऊकच नव्हतं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि पेठेत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर दोन गल्ल्या पलीकडे चिखलात हे घंगाळ एकाला सापडलं. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी आजोबांचं नाव आणि 'शके 1850' घातलेलं होतं, म्हणून तो गृहस्थ विचारत विचारत आमच्याकडे आला. पुरातून घरी परत आलेली ती एकच वस्तू.

पूर्वी भांडं घेतलं की दुकानदार विचारायचा, "नाव घालायचं ना?" छोट्या छिन्नीने नाव, कधी साल-तिथीही घालून द्यायचा. शकात 78 मिळवले की इसवी साल निघतं (जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंत 79). आमचं घंगाळ म्हणजे 1928 च्या वैशाखातलं, आजीच्या लग्नातलं. घराण्याच्या किती नोंदी अशा भांड्यांवर असतात!

अशाच घरगुती वस्तूंसाठी काकासाहेब, म्हणजे दिनकर केळकर (1896-1990), गावोगाव हिंडले. दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती असं त्यांनी आयुष्यभर जमवलं. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभं केलं आणि 1975 साली ते महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. तिथली तांब्या-पितळेची भांडी बघताना मला आमचं घंगाळ आठवतं आणि चुटपुट लागते.

तेव्हा मंडळी, माळ्यावरचं काही काढण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: हे कुणाचं, कुठून आलं, कधी? उत्तर कागदावर लिहून वस्तूबरोबर ठेवा. आणखी एक. 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीच्या कलावस्तू आणि 75 वर्षांपूर्वीची महत्त्वाची हस्तलिखितं परवान्याशिवाय परदेशी नेता येत नाहीत. मुलांकडे अमेरिकेला जाताना हे ध्यानात असू द्या.

रौप्यमहोत्सवाला आपल्या हॉलमध्ये एक टेबल मांडू या. प्रत्येक घरातून एक जुनी वस्तू आणि तिची चार ओळींची हकीकत. आत्या आता नाही, घंगाळही नाही. मी फक्त हकीकत आणीन.