एका चांदणीची गोष्ट

गेल्या वर्षी एका खेड्यातल्या वाचनालयाची जुनी देणगीवही संगणकावर आणण्याचं काम माझ्याकडे आलं. टंकणाऱ्यानं नाव, गाव, साल, रक्कम सगळं एका ओळीत सलग टंकलेलं. मध्ये ना स्वल्पविराम, ना रेघ. हजारभर ओळींचे रकाने हातानं पाडायचे तर पावसाळा सरला असता. म्हणून मी रेग्युलर एक्स्प्रेशन वापरलं. मजकूर कसा दिसतो, त्याचा साचा खुणांच्या भाषेत सांगायचा, इतकंच. ‘आधी नाव, मग एका शब्दाचं गाव, मग चार अंकांचं साल, मग असेल तर रक्कम.’ क्षणात रकाने पडले.

ही युक्ती आली कुठून? गंमत म्हणजे, मेंदूच्या अभ्यासातून. १९४३ साली वॉरन मॅक्युलक आणि वॉल्टर पिट्स यांनी मज्जापेशींच्या जाळ्याचं गणिती रूप मांडलं. असं जाळं नेमकं काय ओळखू शकतं, हा प्रश्न अमेरिकी गणिती स्टीफन क्लेनी यांनी १९५१ च्या उन्हाळ्यात रँड या संस्थेत हाती घेतला. उत्तर तीन क्रियांत मावलं: ‘हे किंवा ते’, ‘याच्यामागून ते’ आणि ‘हेच कितीही वेळा’. तिसरीची खूण म्हणजे चांदणी. आजही ती क्लेनींच्याच नावानं ओळखली जाते.

१९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी अशा साच्यावरून मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे बेल लॅब्जमध्ये ‘ग्रेप’ हे शोधसाधन आलं आणि १९७७ मध्ये ‘ऑक’. एहो, वाइनबर्गर, कर्निघन या तिघांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. ओळ हाती आली की आधी तिचे रकाने पाडायचे, ही ऑकची रीत. नंतरच्या आवृत्तीत रकाने कुठे तोडायचे, तेही साच्यानं सांगता येऊ लागलं.

आता पुन्हा वहीकडे. एकानं १९३८ साली १००१ रुपये दिले होते. चांदणीला शक्य तितका मजकूर गिळायची सवय. तिनं नावाबरोबर गावही गिळलं. १९३८ हे गाव ठरलं आणि १००१ हे साल! साल ‘१९’ नंच सुरू व्हावं, असं सांगितल्यावर ते सुधारलं. ‘पिंपळगाव बसवंत’सारखी दोन शब्दी गावं मात्र तुटलीच.

सर्वांत खटकल्या त्या काही बायकांच्या नोंदी. ‘अमक्याची आई’, एवढंच लिहिलेलं. गाव नाही, स्वतःचं नाव नाही. साच्यानं शेवटचा शब्द उचलला आणि गावाच्या रकान्यात लिहिलं: ‘आई’.

यंत्राची चूक नव्हती. त्याला आकार दिसतो, माणूस दिसत नाही. त्या ओळी मी हातानं लावल्या. गावाचा रकाना कोरा ठेवला आणि नावाच्या रकान्यात वहीतले शब्द जसेच्या तसे उतरवले. ऐंशी वर्षांपूर्वी एक रुपया देणाऱ्या त्या बाईंचं नाव वहीनंच लिहिलं नव्हतं. निदान यादीतून तरी त्या गळू नयेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)