न्यायमूर्ती छागला : न्यायासनावरून मंत्रिपदाकडे

महंमद करीम छागला (३० सप्टेंबर १९०० – ९ फेब्रुवारी १९८१) हे मुंबई उच्च न्यायालयाचे पहिले स्थायी भारतीय मुख्य न्यायमूर्ती आणि पुढे केंद्रीय मंत्री होते. मुंबईच्या खोजा कुटुंबात जन्मलेल्या छागलांनी ऑक्सफर्डहून परतल्यावर जिनांच्या हाताखाली वकिली आरंभिली. १९२८ च्या नेहरू अहवालावरून दोघांचे मार्ग कायमचे वेगळे झाले.

१९४१ मध्ये ते न्यायाधीश झाले व १९४७ पासून १९५८ पर्यंत मुख्य न्यायमूर्ती राहिले. न्या. गजेंद्रगडकरांसह दिलेल्या १९५१ च्या नरसू अप्पा माळी खटल्यात त्यांनी हिंदूंच्या द्विभार्या-प्रतिबंधाचा मुंबईचा कायदा वैध ठरविला. व्यक्तिगत कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीस लावता येत नाही, हे त्यातील मत आजही वादग्रस्त आहे. १९५८ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे समभाग घेतल्याच्या प्रकरणाची चौकशी त्यांनी जाहीर सुनावणी घेऊन केली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

त्याच वर्षी विधी आयोगाने चौदाव्या अहवालात शिफारस केली, की निवृत्त न्यायाधीशांनी सरकारी पदे स्वीकारू नयेत. छागला त्या आयोगाचे सदस्य होते. आणि थोड्याच काळात ते अमेरिकेत भारताचे राजदूत झाले! आयोगाचे अध्यक्ष मोतीलाल सेटलवाड यांनी आत्मचरित्रात याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका केली आहे. ती अनाठायी म्हणता येत नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२२ मध्ये आयर्लंडचे माजी सरन्यायाधीश फ्रँक क्लार्क व उच्च न्यायालयाचे माजी अध्यक्ष पीटर केली यांनी दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्राच्या न्यायालयात नेमणूक स्वीकारली. मायदेशी टीका होताच काही दिवसांतच दोघांनी ती सोडली.

छागलांनी मात्र पुढील पदेही स्वीकारली : ब्रिटनमध्ये उच्चायुक्त, १९६३ मध्ये शिक्षणमंत्री, १९६६ मध्ये परराष्ट्रमंत्री. पण पदाला चिकटून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. उच्च शिक्षणात इंग्रजीची जागा प्रादेशिक भाषांना घाईने देण्याच्या धोरणाविरुद्ध त्यांनी १९६७ मध्ये राजीनामा दिला. आणीबाणीत, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी नागरी स्वातंत्र्यासाठी उघडपणे आवाज उठविला. ‘रोझेस इन डिसेंबर’ हे त्यांचे आत्मचरित्र १९७३ चे. निधनानंतर त्यांच्या इच्छेनुसार दहनसंस्कार करण्यात आला.