बैरंग चिठ्ठी आणि मोबाइलचा डेटा

उर्दूत ‘बैरंग लौटना’ म्हणजे काम न होताच परत येणे. वर्गात हा मुहावरा आला की मी मुलांना पोस्टाची गोष्ट सांगतो. तिकीट न लावलेल्या पत्राला इंग्रज ‘बेअरिंग’ म्हणत, त्याचे आपल्याकडे झाले ‘बैरंग’. अशा पत्राचे पैसे घेणाऱ्याने द्यायचे, तेही दुप्पट. त्याने नकार दिला की चिठ्ठी आल्या वाटेने परत. १८५४ साली पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला देशभर कुठेही अर्धा आणा असा दर ठरला. त्याआधी तो अंतरावर ठरत असे. हळूहळू तिकीट लावूनच पत्र टाकायची सवय लागली आणि खर्च पाठवणाऱ्याकडे गेला.

आज मोबाइल कंपन्या हाच दाखला दिल्यासारखे बोलतात. यूट्यूब, नेटफ्लिक्सचे व्हिडिओ आमचे नेटवर्क भरून टाकतात, तेव्हा त्यांनी खर्चात हिस्सा द्यावा. सीओएआय या त्यांच्या संघटनेने २०२३ मध्ये ही मागणी जोरात मांडली. ऐकायला रास्त वाटते. पण तिकीट लावलेल्या पत्राचे पैसे पोस्टमन दारात पुन्हा मागत नसे. इथे तर घेणाऱ्याने रिचार्ज आधीच मारलेला असतो!

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी धडे यूट्यूबवर टाकायचो. मला टाकायला फारसे काही लागत नव्हते. तारापूर एमआयडीसीत काम बंद पडलेला बाप बोईसरच्या खोलीत मुलांसाठी डेटा विकत घेत होता. घरात फोन एक, मुले तीन. दिवसाचा डेटा संपला की धाकट्याचा धडा उद्यावर. त्याच मार्चमध्ये ताण कमी करण्यासाठी व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइलवरचे चित्र ४८० पीपर्यंत खाली आणले होते. म्हणजे ताणावर पैशांशिवायही उपाय निघतो.

या वादाची उलटी बाजूही आपण पाहिली आहे. २०१५ मध्ये फेसबुकचे फ्री बेसिक्स आणि एअरटेल झीरो आले. ठरावीक साइट फुकट, बाकीच्यांना डेटा लागणार. लाखो लोकांनी ट्रायला ईमेल पाठवले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने असे भेदभावाचे दर बंद केले. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो. फुकट काय पाहायचे हे कंपनीने ठरवले असते, तर पालघरच्या शिक्षकाचा उर्दू धडा त्या यादीत कशाला आला असता?

दक्षिण कोरियात ट्विच या व्हिडिओ सेवेने २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. नेटवर्कचे शुल्क इतर बहुतेक देशांच्या दसपट पडते, हे तिने दिलेले कारण. आपल्याकडे आणखी एक पेच आहे. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट दिसली. नेटवर्क आणि व्हिडिओ एकाच घरचे असतील, तर हिस्सा एका खिशातून दुसऱ्या खिशात जाईल. खरे पैसे भरतील ते प्रतिस्पर्धी.

जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी रिचार्ज महाग केले. ते पैसे पालकांनी भरले. आता हिस्सा मागणाऱ्यांनी एक आकडा आधी सांगावा: तो मिळाल्यावर बोईसरच्या त्या खोलीतला रिचार्ज किती रुपयांनी स्वस्त होईल?